सव्वादोनशे फ्रेम्स

काचेच्या नळीत एक लाल ठिपका दिसत होता.

"मामा, थांबा," मी म्हणाले. "नळी जरा डावीकडे फिरवा. आता उजवीकडे."

दस्तगीर मुजावर यांनी नळी फिरवली. ठिपकाही तिच्याबरोबर सरकला.

"काय घावलं?" त्यांनी विचारले.

"प्रतिबिंब आहे. चित्रण चालू असताना कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एक लाल दिवा लागतो. तो तुमच्या काचेत दिसतोय."

"मग दिसू दे की. कुंकू लावल्यागत दिसतंय."

माझा सहाध्यायी सदानंद गुरव कानांवर हेडफोन चढवून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. ध्वनीची जबाबदारी त्याच्याकडे होती. तो म्हणाला, "मामा, हिच्या सिनेमात कुंकू चालत नाही. मास्तरीणबाईंना फक्त सिद्ध झालेल्या गोष्टी चालतात."

मी पिशवीतून काळी चिकटपट्टी काढली, तिचा नखाएवढा तुकडा लाल दिव्यावर चिकटवला आणि कडा नीट दाबल्या. ठिपका गेला. त्या क्षणी मला जे समाधान वाटले ते अजून आठवते. त्या दिवशी मी विचारपूर्वक केलेली आणि पूर्णपणे यशस्वी झालेली ती शेवटची कृती होती.

हे २००२ च्या मार्चमधले, कोल्हापुरातले. मी सत्तावीस वर्षांची होते. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून एका कनिष्ठ महाविद्यालयात तीन वर्षे शिकवले होते आणि बिनपगारी रजा घेऊन चित्रपटाच्या अभ्यासक्रमाला बसले होते. पहिले सत्र सर्वांना सारखे असे. त्याच्या शेवटी प्रत्येकाने पाच मिनिटांची एक फिल्म करायची; विषय सर्वांना एकच, ‘काम करणारा माणूस’. कॅमेरा एका दिवसासाठी मिळे, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. तीन तासांची एक टेप. दुसरा दिवस नाही, दुसरी टेप नाही. शंभरांपैकी चाळीस गुण लेखी आराखड्याला होते: कागदावर ठरवलेले शॉट पडद्यावर कितपत उतरले, याचे.

आम्ही चाळीस विद्यार्थी होतो आणि दिग्दर्शनाच्या शाखेला सहा जागा होत्या. त्या याच फिल्मच्या गुणांवर मिळत. पसंतीच्या अर्जात चार रकाने होते. मी पहिल्यात ‘दिग्दर्शन’ असे लिहिले आणि उरलेल्या तिन्हींत आडव्या रेघा मारल्या. जागा हुकली तर जूनमध्ये पुन्हा अकरावीच्या वर्गासमोर लंबक घेऊन उभे राहायचे, हे ठरलेले होते. मला लंबकाचा राग नव्हता. पण त्याच्याकडून आता काही नवे कळण्याची शक्यता उरली नव्हती.

मुजावरमामा माझ्या जुन्या महाविद्यालयातले काचकाम करणारे. रसायनशास्त्र विभागाच्या मागे, सायकल स्टँडला लागून त्यांची कार्यशाळा होती. बाजारात मिळत नाहीत किंवा मिळाली तरी परवडत नाहीत अशी उपकरणे ते गॅसच्या ज्योतीवर हाताने घडवत. माझ्या प्रबंधाचे निर्वात उपकरण त्यांनीच केले होते. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. त्या शनिवारी ते एक कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करण्याचे उपकरण, करणार होते: आत स्प्रिंगसारखी पीळदार नळी, बाहेर जाड नळीचे आवरण, आणि दोन्ही एकमेकींना दोन्ही टोकांना जोडलेल्या. यातला शेवटचा जोड सर्वांत कठीण, कारण तिथे चूक झाली तर आधीचे सगळे काम टोपलीत जाते.

माझा आराखडा अकरा शॉटचा होता आणि मांडणी होईपर्यंत साडेदहा वाजले होते. प्रत्येकापुढे सेकंद लिहिले होते. पडद्यावर अक्षरे येऊ नयेत म्हणून मी कॅमेऱ्यावरची सगळी माहिती, आकडे आणि चिन्हे बंद करून ठेवली होती. "शॉट एक, तयार, सुरू," असे मी मोठ्याने म्हणायची, बटण दाबायची आणि स्टॉपवॉचकडे बघायची. वेळ भरली की "कट", आणि पुन्हा बटण.

अडचण फक्त मामांची होती. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, आणि "सुरू" हा शब्द ऐकला की त्यांची मान ताठ व्हायची.

"प्रस्तुत ठिकाणी," ते भिंतीकडे बघत म्हणायचे, "आम्ही विविध प्रकारची काचेची उपकरणे निर्माण करत असतो."

"मामा, नेहमीसारखं बोला ना."

"मग काय येड्यागत बोलू? माझी नातवंडं बघणार हाईत."

"कट," मी म्हणायची. मग ते लगेच खांदे सैल सोडून सदानंदला म्हणायचे, "काय रे गुरवा, कानाला ते काय लावून बसलायस? मंदिरात घंटा वाजली तर कळंल का तुला?"

सातवा शॉट झाला तेव्हा साडेबारा वाजले होते. परवानगीच्या पत्रावर प्राचार्यांची सही घ्यायची राहिली होती, म्हणून मी कॅमेरा तिकाटण्यावर आहे तसाच ठेवून कार्यालयात गेले. प्राचार्य मगदूम सर वक्तशीर आणि सावध गृहस्थ होते. सही करताना म्हणाले, "गॅसजवळ फार गर्दी करू नका. आणि मुजावरांना काही धोक्याचं करायला लावू नका. नियामक मंडळाचं पत्र आलंय. ज्योतीवर काम करणाऱ्यांत काही दोष निघाला, तर त्याला लगेच भांडारात हलवायचं. नंतर काही झालं तर मान माझी आहे."

मी परत आले तर कंडेन्सर तयार होऊन लाकडी घोडीवर निवत पडला होता.

"मामा! शेवटचा जोड आठव्या शॉटमध्ये होता!"

"काच काय तुझ्यासाठी थांबती व्हय? तापली हुती, लावला." त्यांनी माझा चेहरा बघितला आणि आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू? ते मशीन माझ्याकडं बघत असताना मी तो जोड लावला नसता. हात कापला असता तर? सकाळपास्नंचं काम हाय ते."

आठवा शॉट आम्ही भंगारातल्या दोन नळ्या घेऊन, जोड लावल्याचे सोंग करून घेतला. मला ते आवडले नाही. पण स्टॉपवॉचप्रमाणे तो शॉट बरोबर अठरा सेकंदांचा झाला.

सोमवारी सकाळी संकलनाच्या खोलीत सदानंद आणि मी टेप लावली. पहिल्या चित्रात काळी चिकटपट्टी हातात घेतलेला माझा अंगठा कॅमेऱ्याकडे येताना दिसला. मग मामा, मग टेबल, मग माझा आवाज: "शॉट एक, तयार, सुरू." आणि चित्र तुटले.

पुढचे चित्र "कट" या शब्दाने सुरू झाले. मामांनी खांदे सैल सोडले, सदानंदच्या कानांविषयी काही म्हटले, कॅमेरा हलला, छत दिसले, माझी चप्पल दिसली, कॅमेरा नव्या जागी स्थिर झाला. "शॉट दोन, तयार, सुरू." चित्र तुटले.

तिसऱ्या तुकड्यापर्यंत मला सगळा प्रकार उमगला. बटण एकच होते: एकदा दाबले की चित्रण चालू, पुन्हा दाबले की बंद. लाल ठिपका दिसला तेव्हा चाचणीचे चित्रण चालू होते. दिव्यावर पट्टी लावण्याच्या समाधानात मी ते बंद करायला विसरले. त्यानंतर दिवसभर, मी ज्याला "सुरू" म्हणत होते तेव्हा कॅमेरा बंद होत होता आणि "कट" म्हटले की चालू. हे सांगू शकणारा दिवा मी स्वतः झाकला होता आणि आकडे स्वतः बंद केले होते. सदानंदच्या हेडफोनमध्ये आवाज दोन्ही वेळा येत होता, त्यामुळे त्यालाही कळायचे कारण नव्हते. अकराच्या अकरा शॉटमधली एकही फ्रेम टेपवर नव्हती.

सदानंदने हेडफोन गळ्यात उतरवले. मग म्हणाला, "मास्तरीणबाई, पद्धत मात्र चोख होती. एकसुद्धा शॉट चुकून घेतला गेला नाही."

टेप चालूच होती. आणि चालू टेपवर एक माणूस काम करत होता. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. जांभळट काचांचा चष्मा कपाळावर. नळी वजनाने जोखायचा, ज्योतीच्या आवाजावरून गॅसची चावी कमी-जास्त करायचा, पिळाचे वेढे मोजताना ओठ हलवायचा. मी शिकवल्याप्रमाणे एकदाही काही करत नव्हता. तिकाटण्यावर कॅमेरा स्थिर असल्यामुळे चौकट प्रत्येक वेळी मी आखलेली होती. तिच्यातला माणूस मात्र मी आखलेला नव्हता.

सातव्या शॉटनंतरचा तुकडा आला. मी दाराबाहेर जाताना दिसले. सदानंद एकदम पुढे वाकला. "हा पुढे ढकल."

"का?"

"काही नाही त्यात. गप्पा आहेत. ढकल."

त्याने बटणाकडे हात नेला; मी तो बाजूला केला.

पडद्यावर मामा दोन्ही नळ्या हातात घेऊन ज्योतीसमोर बसले होते. टेपवरचा सदानंद विचारत होता, "मामा, चष्मा नाही लावला? डोळा भाजेल की."

"भाजायला शिल्लक कुठं हाय? उजव्यानं दिसत न्हाई मला. दीड वर्ष झालं."

"ऑफिसात सांगितलंय?"

"सांगितलं तर उद्याच्याला स्टोअरात बसवतील, बाटल्या मोजायला. अकरा महिने राहिल्यात गड्या. तू बी कुठं बोलू नको. त्या पोरीला तर अजाबात न्हाई. ती खरं बोलती."

"मग जोड कसा लावता?"

"जोड काय डोळ्यानं लावत्यात व्हय? बघ."

त्यांनी फुंकायची रबरी नळी दातांत धरली, आणि दोन्ही डोळे मिटले. दोन्ही हातांत दोन नळ्या सारख्याच गतीने फिरत होत्या. ज्योत रुंद आणि निळी होती. तिच्यात काच नारिंगी झाली, मऊ झाली, किंचित झुकली. त्याच क्षणी मामांचे गाल जेमतेम फुगले, आतली आणि बाहेरची नळी एकमेकींना भिडून एक झाल्या, आणि दोन्ही हात न थांबता फिरत राहिले. मग त्यांनी डोळे उघडले. जोड आरपार स्वच्छ होता.

मी टेप मागे नेऊन फ्रेम्स मोजल्या. आमच्या व्हिडिओत सेकंदाला पंचवीस फ्रेम्स असत. डोळे मिटल्यापासून उघडेपर्यंत सव्वादोनशे भरल्या. नऊ सेकंद. पुन्हा मोजल्या, पुन्हा सव्वादोनशे.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"मी शब्द दिला होता." सदानंदने हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवले. "आता तू बघितलंस. आणि शनिवारी प्राचार्य येणार."

हा आमच्या संस्थेचा रिवाज होता: ज्यांच्या जागेत चित्रीकरण केले त्यांना प्रदर्शनाला बोलवायचे आणि पहिल्या रांगेत बसवायचे. मगदूम सरांना निमंत्रण गेले होते आणि त्यांनी होकारही कळवला होता.

"हे नऊ सेकंद ठेवलेस," सदानंद म्हणाला, "तर सहांतली एक जागा तुझी. आराखड्याचे चाळीस गेले तरी संकलनाच्या शिराळकर मॅडम तुला सोडणार नाहीत. ठेवलेस तर मामा स्टोअरात. काढलेस तर तू अकरावीच्या वर्गात. मी तुझ्या जागी नाही, याचा मला फार आनंद आहे."

मंगळवारी मी जुन्या महाविद्यालयाच्या निर्वात प्रयोगशाळेत गेले. मामांनी केलेले प्रत्येक उपकरण तिथे गळतीसाठी तपासले जाते आणि निकाल नोंदवहीत लिहिला जातो. मला मामांविषयी आपुलकी होती; पण आपुलकीवर भरवसा ठेवायची माझी तयारी नव्हती. एका डोळ्याने अधू माणूस गॅसच्या ज्योतीवर काम करत असेल, तर ते लपवण्यापूर्वी मला आकडे हवे होते. डोळा जाण्याआधीच्या दीड वर्षात चौसष्ट उपकरणे, तीन गळकी. नंतरच्या दीड वर्षात एकोणसाठ, दोन गळकी. अपघाताची नोंद दोन्ही काळांत एकही नाही. एवढ्या थोड्या नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही. पण विरुद्धही काही सिद्ध होत नव्हते, आणि आरोप करायचा तर पुरावा आरोप करणाऱ्याने द्यायचा असतो.

बुधवारी दुपारी मी कार्यशाळेत जाऊन मामांना सगळे सांगितले. बटणाची चूक सांगितली तेव्हा ते मोठ्याने हसले.

"म्हंजे ते ‘प्रस्तुत ठिकाणी’ सगळं वाया गेलं?"

"सगळं."

"आणि शिव्या दिल्या तेवढ्या आल्या?"

"त्या आल्या."

हसता हसता ते थांबले. "तू ऑफिसात गेलीस तवाचं?"

"तेही आलंय, मामा."

त्यांनी बर्नरची चावी बंद केली. ज्योतीचा आवाज थांबल्यावर ती खोली किती लहान आहे हे लक्षात आले.

"मी परवानगीशिवाय काही दाखवणार नाही," मी म्हणाले. "बोलणं काढणं सोपं आहे. पण डोळे मिटलेले नऊ सेकंद ठेवले तर मगदूम सर विचारणारच."

"आणि काढलंस तर तुझं काय जातं?"

"बहुतेक जागा."

मला वाटले, एवढे सांगितले तर उरलेलेही सांगायला हवे. "मी गळतीचं रजिस्टर बघून आले."

त्यांनी मान वर केली. डावा डोळा माझ्यावर रोखला. "तपासलंस मला?"

"हो."

"काय निघालं?"

"आधी चौसष्टांत तीन. नंतर एकोणसाठांत दोन."

त्यांनी बर्नरकडे तोंड फिरवले. माझी समजूत झाली की ते दुखावले गेले आहेत. मग म्हणाले, "त्या दोनांतला एक गळका न्हवता. त्यांनी पाडला आणि माझ्या नावावर लिवला. दुरुस्त करून घे."

"एकोणसाठांत एक," मी म्हणाले.

"हां." त्यांनी पुन्हा गॅस चालू केला, काडी ओढली. "काढ ते नऊ सेकंद. आणि कुणी विचारलं तर खोटं बोलू नको, तुला जमायचं न्हाई. सांगायचंच न्हाई, बास. आणि मी येणार हाय शनिवारी. मला कुठं बसवायचं ते बघ."

शनिवारी मामा माझ्या शेजारी बसले, दुसऱ्या रांगेत. आमच्या बरोबर पुढे मगदूम सर. संकलनाच्या प्राध्यापक इंदुमती शिराळकर माझा लेखी आराखडा हातात घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या कधीही बसून फिल्म बघत नसत.

माझी फिल्म चार मिनिटे सेहेचाळीस सेकंदांची झाली होती. तिला निवेदन नव्हते, संगीत नव्हते. ज्योतीची घरघर, काचेवर काच टेकल्याचा बारीक आवाज, आणि मध्येच सदानंदला मारलेले टोमणे. गुरवाची घंटा आली तेव्हा वर्ग हसला. पिळाचे वेढे मोजताना मामांचे ओठ हलू लागले तेव्हा सगळे गप्प झाले, आणि चाळीस जणांचे ते गप्प होणे मला पाठीवर जाणवले. पडद्यावर नळ्या फिरू लागल्या. शेजारी मामांची बोटेही मांडीवर फिरू लागली, हातात काही नसताना, त्याच गतीने. तीन मिनिटे बारा सेकंदांवर माझा काप आला. मामांची बोटे अडखळली, थांबली, आणि थोड्या वेळाने पुन्हा फिरू लागली.

दिवे लागले. मगदूम सर वळून म्हणाले, "मुजावर, तुम्ही इतकं बोलता हे मला पंधरा वर्षांत कळलं नव्हतं."

"तुम्ही आलात की मी गप बसतो, सर," मामा म्हणाले.

शिराळकर मॅडमनी आराखडा उलगडला. "इथे अकरा शॉट लिहिले आहेत. यातले पडद्यावर किती आले?"

"एकही नाही," मी म्हणाले; आणि चूक कशी झाली ते क्रमाने सांगितले. लाल ठिपका, चिकटपट्टी, बंद केलेले आकडे, बटण. वर्गात हशा पिकला. तो स्वाभाविक होता.

"म्हणजे ही फिल्म तुम्ही केली नाही," मॅडम म्हणाल्या.

"चित्रण मी केलं नाही. निवड मी केली."

त्यांनी कागद घडी घालून ठेवला. "मग निवडीबद्दल बोलू. तीन मिनिटं बारा सेकंद. ज्योत रुंद आणि निळी आहे, नळ्या सुट्या आहेत. पुढच्याच फ्रेममध्ये जोड लागलेला आहे. या माणसाच्या कामातली सगळ्यांत अवघड गोष्ट तिथे घडते, आणि ती तुम्ही दाखवलेली नाही. आठ-दहा सेकंद गेलेत."

"नऊ."

"टेप खराब होती?"

मान हलवणे सोपे होते. टेप खराब होणे ही त्या काळी रोजची गोष्ट होती, आणि मॅडमनी तो दरवाजा मुद्दाम उघडला असावा असे मला आज वाटते.

"नाही," मी म्हणाले. "टेप चांगली आहे."

"शॉट वाईट होता?"

"टेपवरचा सर्वांत चांगला शॉट तोच आहे."

"मग का काढलात?"

मगदूम सर आता पूर्ण वळून माझ्याकडे बघत होते. मामा समोर बघत होते. सदानंद स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"ते मी सांगणार नाही, मॅडम."

"फिल्मच्या वर्गात फ्रेम का काढली ते सांगणार नाही?"

"नाही."

"गुण जातील."

"कल्पना आहे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मग प्राचार्यांकडे. मग, माझ्या अंदाजाने दोन सेकंद, मामांच्या मांडीवरच्या हातांकडे. "पुढची फिल्म लावा," त्या म्हणाल्या.

सोमवारी फलकावर यादी लागली. मला आराखड्याचे शून्य मिळाले होते आणि उरलेल्या साठांपैकी बावन्न. दिग्दर्शनाची सहावी जागा पंचावन्न गुणांवर बंद झाली. सदानंदला ध्वनीची जागा मिळाली. तो माझ्याशेजारी उभा राहून आपला आनंद शक्य तितका लपवत होता. मी वळणार तोच त्याने खाली बोट दाखवले. संकलनाच्या शाखेची यादी टंकलिखित होती, आणि तिच्या शेवटी शाईने एक नाव वाढवलेले होते: शलाका चिकोडीकर. माझे.

मी मॅडमच्या खोलीत गेले. "मी संकलनासाठी अर्ज केला नव्हता."

"माहीत आहे. तुम्ही तीन रेघा मारल्या होत्या," त्या वर न बघता म्हणाल्या. "त्यांतली एक मी खोडली. हरकत असेल तर लेखी द्या."

हरकत नव्हती. गेली बावीस वर्षे मी संकलन करते. माझ्या नावावर आता एकतीस चित्रपट आहेत आणि भिंतीवर काही पुरस्कार. पण कोणी मला माझ्या पहिल्या कामाविषयी विचारले तर मी त्या शंभरांपैकी बावन्नांविषयी सांगते, आणि ते सांगताना माझा आवाज थोडा चढतो असे माझ्या सहायकांचे निरीक्षण आहे. निरीक्षण बरोबर आहे. कारण मात्र मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. मामा पुढच्या फेब्रुवारीत, बर्नरसमोरून उठून, सन्मानाने निवृत्त झाले. त्या अकरा महिन्यांत त्यांनी एकेचाळीस उपकरणे केली. गळके एकही नाही. गेल्या वर्षी ते वारले, म्हणून आता लिहिता येते.

यादी लागली त्याच दुपारी मी त्यांना सांगायला गेले होते. ते एका फुटक्या फ्लास्कची मान कापत होते.

"जागा?" त्यांनी विचारले.

"ती गेली. संकलनाची मिळाली."

"म्हंजे काय करायचं त्यात?"

"टेपवरचं काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते ठरवायचं."

"त्याला दोन वर्षं लागत्यात शिकायला?" त्यांनी फ्लास्क बाजूला ठेवला, हात पुसले. "तुला एक सांगायचं राहिलं. परवा बसल्या बसल्या मोजलं मी. अकरा फेरं काढलंस तू."

"नऊ सेकंद काढले, मामा."

"सेकंद तुझं. नळीचं फेरं अकरा. हाताला कळतं. दहाव्याला फुंकतो मी, अकराव्याला काच बसती."

मी तिथून थेट संकलनाच्या खोलीत गेले, मूळ टेप लावली आणि डोळे मिटलेल्या त्या सव्वादोनशे फ्रेम्स एकेक करून पुढे सरकवल्या. नळीवर कोळशाच्या पेन्सिलीची एक बारीक खूण होती. ती किती वेळा वर येते ते कागदावर रेघा मारत मोजले. दहाव्या फेऱ्याला गाल फुगले. अकराव्याला मामांनी डोळे उघडले.